तेरावी ओळ

१० नोव्हेंबर, रविवार

भीमरत्नच्या वैद्याला शाप लागला. आमच्या रविवारच्या गोष्टीच्या खेळात प्रत्येकाचं एक पात्र असतं; हे त्यानं चार वर्षं जपलेलं! त्यानं मुकाट्यानं कागदावर लिहून घेतलं — बॉलपेननं. आमच्या टेबलाचा नियमच तो. जखम, भूक, ताप हे सगळं शिसपेन्सिलीनं, म्हणजे खोडता येतं. कायमचं ते बॉलपेननं. (ही वहीही मी पेन्सिलीनंच लिहितो. लेखकाला खोडायची सोय लागते.)

झालं ते असं. पडक्या देवळातला दिवा त्याच्या वैद्यानं उचलला. शापित वस्तूला हात लावला की माझ्या तक्त्यावर फासा — वीस बाजूंचा फासा, वीस शाप. तक्ता माझा, खेळाचा मास्तर, म्हणजे गोष्ट पुढं नेणाराही मी, म्हणून फासा टाकतो मीच, पुठ्ठ्याच्या आडोशामागं. तेरा, म्हणालो. तेरावी ओळ वाचून दाखवली : 'याच्या हातचं पाणी कुणी घेणार नाही. कायम.'

आमच्यासोबत खेळणारी रूपाली हसली. 'वैद्याला? आता काढा काय लांबून फेकून पाजणार?' सगळे हसले. भीमरत्नही. जरा उशिरा.

खेळाआधी चहा पिताना भीमरत्न मला म्हणाला होता, 'रवी, पेपरातलं तुझं सदर वाचलं. समद्यांना चिमटे काढतोस रं. स्वतःला कधी काढणार?' रूपाली खिदळली, चहा सांडला. आगाऊ आहे लेकाचा.

११ नोव्हेंबर

अक्षराचा मेसेज. भीमरत्नची मुलगी, इथं बेळगावात इंजिनिअरिंगला आहे, टेबलावर सगळ्यात लहान आणि सगळ्यात हट्टी.

'काका, हात तुटला तर दुसऱ्या हातात तलवार घेता येते. डोळा गेला तर कानावर खेळता येतं. ह्या शापावर बाबांनी काय करायचं? चार वर्षांचं पात्र संपलं की!'

मी ऐटीत उत्तर धाडलं. कायमचं काही जायची भीतीच नसेल तर फासा टाकायचाच कशाला, नुसत्या गप्पा मारू. आणि फाशाला ना जात ना भाषा — आख्ख्या सीमाभागात निःपक्षपाती अशी एवढी एकच वस्तू उरलीय!

वाक्य झकास जमलं. सदरात घालावं.

पाच मिनिटांनी तिचं उत्तर : 'फाशाला नसते. तक्त्याला?'

१२ नोव्हेंबर

वाक्य सदरातून काढलं.

१७ नोव्हेंबर, रविवार

आज वैद्याची टोळी एका गावाशी पोचली. गावात तापाची साथ. भीमरत्न म्हणाला, 'मी वेशीबाहेर थांबतो.' मी काही सुचवायच्या आधीच!

मग म्हणाला, 'औषधाची पुडी दगडावर ठेवतो. दहा पावलं मागं सरतो. हाक मारतो, न्या म्हणून.' थांबला. 'ऊन कुठनं हाय?'

मला कळलंच नाही. 'ऊन?'

'सावली त्यांच्याकडं पडाय नको न्हवं.'

पूर्वेकडून, म्हणालो.

'मग ह्या अंगाला उभा ऱ्हातो.'

एक नियम विचारला नाही त्यानं. सगळं येत होतं. मी शाप दिला होता दीड ओळीचा — त्यानं आख्खं गाव उभं करून दाखवलं.

रूपाली फोनमध्ये डोकं घालून बसली. अक्षरानं फासे पिशवीत भरले. आज इथंच थांबू, म्हणालो. पोहे तसेच राहिले. माधवी आतून ओरडली, 'अहो, एवढी शांतता? कोण मेलं का खेळात?'

नाही म्हणालो.

१८ नोव्हेंबर

बेळगुंदीला आईला फोन केला.

'आई, पडवीतल्या कोनाड्यात एक पेला असायचा—'

'सत्याप्पाचा व्हय? जर्मनचा?'

तडक! नातवंडांची नावं उलटीसुलटी करणारी बाई — ॲल्युमिनियमचा पेला मात्र मालकाच्या नावासकट ध्यानात. सत्याप्पा म्हणजे आमच्या शेतावर राबणारा. त्याला पाणी त्या पेल्यात, तेही वरून ओतायचं. सात-आठ वर्षांचा असताना मीही ओतलंय. नेम चांगला होता माझा, सांडायचं नाही.

'हाय की अजून. कोंबड्यास्नी पाणी ठेवतोय त्यात. का रं?'

'काही नाही.'

'लई गुणाचा माणूस हुता सत्याप्पा.'

वीस शापांतले एकोणीस डोकं खाजवून सुचले होते. तेरावा एका दमात आला. तेव्हा वाटलं — प्रतिभा!

२० नोव्हेंबर, बुधवार

निपाणीला जाऊन आलो. भीमरत्नच्या घरी. त्याच्या आईनं, तानीबाईंनी, तांब्याभर पाणी आणून दिलं. मी घटाघटा प्यालो. दाखवून प्यालो, हे आत्ता लिहिताना कळतंय.

त्याला तेव्हाच कळलं होतं. 'हळू रं. आमच्यातलं पाणी पळून जात न्हाय!'

घरून जुळवून आणलेली सगळी वाक्यं गेली. सरळ म्हणालो, 'ती ओळ मी फाडून टाकली. चुकलो. तुझ्या वैद्यावरचा शापही काढू.'

'बॉलपेन हाय.'

'नवा कागद घेऊ.'

'न्हाय.' त्यानं रिकामा तांब्या उचलून आत दिला. 'ओळ लिहिलीस ती चूकच. अक्षरा दोन दिस जेवली न्हाय नीट. म्हणत हुती, बाबा, परत जायचं न्हाय तिथं. मी म्हणालो, हे बघ, माणसानं दिलं असतं तर मी तिथल्या तिथं उठलो असतो, परत दारात पाय ठेवला नसता. पण हे फाशानं दिलंय. फाशाचं आपण घेतो. रवीनं काय माझ्यावर टाकली न्हाय, पडली. व्हय का न्हाय?'

मी मान डोलावली.

पाठीवर थाप मारून म्हणाला, 'चल, स्टँडवर सोडतो. तोंड पाडू नको एवढं.'

बसमध्ये काकतीपर्यंत खिडकीबाहेर बघत होतो. काय दिसलं, आठवत नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

दोघंही आले! अक्षरानं नवा तक्ता करून आणलाय — प्रत्येक शापापुढं त्यातून सुटायची वाट. कठीण, पण वाट. माझ्यापेक्षा चांगला लिहिलाय. रूपालीनं भीमरत्नची माफी मागितली, हसल्याबद्दल. सरळ, एका वाक्यात. मला तेवढ्यासाठी निपाणी गाठावी लागली होती, आणि तिथंही—

खेळ सुरू करणार तोच अक्षरा म्हणाली, 'काका, तो आडोसा काढा. इथून पुढं फासे सगळ्यांसमोर.'

भीमरत्न तिच्यावरच डाफरला. 'त्याची काय गरज न्हाय गं. रवीवर इस्वास हाय माझा.'

आडोसा मी काढला. घडी करून टेबलाखाली ठेवला.

२५ नोव्हेंबर

त्या दिवशी, दहा तारखेला, आडोशामागं फाशावर चार पडलं होतं. चौथी ओळ : तीन दिवस उचकी.

तेरा मी म्हणालो.

हे बॉलपेननं लिहितोय.