खंडाचा दिवस

प्रिय प्रथमेश,

तुझा फोन आला आणि मी नुसतं 'हं, हं' करत राहिले. राग मानू नकोस. तुझे दाजी गेल्यापासून असंच होतं. समोरचा बोलतो ते ऐकू येतं, पण पोचत नाही. काल आमटीत मीठ दोनदा घातलं. सासूबाई मुकाट जेवल्या, मीही जेवले, मला खारट लागलंच नाही. रडूही येत नाही. येईल तेव्हा येईल. फोनवर जमलं नाही ते लिहून शेजारच्या जयराजच्या हाती पाठवतेय. तो उद्या सांगलीला, तुमच्या विश्रामबागला त्याच्या बहिणीकडे चाललाय.

दवाखान्यात दाजींच्या जागी नवा वायरमन आलाय. त्यालाही अकरा महिन्यांचीच ऑर्डर. ते संपले की एक दिवस खंड आणि मग पुन्हा नवी ऑर्डर. म्हणजे नोकरी सलग दिसत नाही आणि 'कायम करा' म्हणायला तोंड राहत नाही. तुला काय सांगायचं, सरकारी हॉस्टेलवर तुझीही तीच तऱ्हा. आमचं लग्नसुद्धा खंडाच्याच दिवशी धरलं होतं, रजा मागायला नको म्हणून. आठवतं ना, पंगती उठायच्या आत दवाखान्याचा जनरेटर बंद पडला आणि हे लग्नाच्या कपड्यांवरच निघाले, बॅटरी धरायला तुला घेऊन. "दवाखान्याला कसला आलाय खंड?" म्हणाले. मी मांडवात एकटी. आपली आत्या सगळ्यांदेखत म्हणाली, "पोरी, नवरा सरकारला देऊन बसलीस व्हय गं?" सगळे हसले, मीही हसले. तू परत आलास ते हात काळे करून आणि वायरमनच व्हायचं ठरवून. मला तेव्हा तुम्हा दोघांचा फार अभिमान वाटला होता.

पुढं दर खंडाला तेच. मस्टरवर सही नाही, पगार नाही, मागच्या फाटकानं आत जायचं. मी चिडवायची, आज तुम्ही कुणाचे कुणी नाही, निदान दळण तरी आणा. ते दळण आणून द्यायचे आणि जायचे. नाही गेलं तर नवी ऑर्डर लांबेल ही धास्ती होतीच. पण खरं सांगू, त्यांना जायला आवडायचं. आपल्यावाचून अडतं, हे आवडायचं. त्या दिवशीही दळणाचा डबा ओट्यावर ठेवला आणि गेले. ऑपरेशनच्या खोलीची लाईन गेली होती. बोर्डाला हात लावला आणि तिथंच संपलं. ते पीठ अजून तसंच आहे. सासूबाई दुसरं आणतात.

अनुकंपाची नोकरी कायम माणसाच्या घरच्यांना मिळते, हे मला ठाऊक होतं. मी ती मागितलीच नाही. हे कामावर असताना गेले, एवढंच लिहून द्या, म्हटलं मी. आस्थापनेतल्या क्लार्क भाऊसोंनी मान वर केली नाही. "वैनी, मी तरी काय करू? त्या दिवशी खंड हाय. कागदावर कृष्णात कामावर न्हवताच." ज्या साहेबांनी फोन करून बोलावलं, ते घरी भेटून गेले होते, चहा घेऊन. बोलावल्याचं आता कुणालाच आठवत नाही. मला भाऊसोंचा राग आला नाही. साहेबांचाही आला नाही. यायला हवा होता, नाही का? मी ऑफिसातून खाली उतरले, मेथीची जुडी घेतली आणि घरी आले.

फोन ठेवता ठेवता तू सहज म्हणालास, सोमवारी माझा खंड आहे, पण हॉस्टेलची मोटर बंद पडलीय, साहेबांनी बोलावलंय, जाऊन येईन. तुझ्या सगळ्या बोलण्यातलं तेवढंच मला पोचलं. प्रथमेश, जाऊ नकोस. ऑर्डर लांबली तर लांबू दे. नाही मिळाली तर नाही मिळाली, माझ्या घरात दोन भाकरी आहेत. सोमवारी सकाळच्या एसटीनं साताऱ्याला ये. मी स्टँडवर उभी असेन. फोन बंद ठेवायचा तुला धीर व्हायचा नाही, मी ओळखते तुला. म्हणून उतरल्या उतरल्या तो माझ्या हातात दे. साहेबांचा आला तर मीच उचलीन. सांगीन, आज त्याचा खंड आहे, तो कामावर नाही.

तुझीच,
क्रांतीताई