भक्तीच्या दोन एकरांना अट नाही

मी, सटवाजी मारोती धापसे, वय ७६, राहणार पेडगाव, ता. जि. परभणी, पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दाबाखाली न येता हे लिहून ठेवतो. कानांनी कमी ऐकू येतं, डोकं ठीक आहे.

मी अठरा वर्षं अनंतराव मालकांकडे सालगडी होतो. साल पाडव्याला संपे आणि त्याच दिवशी नवं ठरे. मधले चार-दोन तास मी कुणाचाच नसे, कुठंही जाता आलं असतं. पण त्यांची जनावरं उपाशी राहतील म्हणून मी त्यांच्याच गोठ्यात वैरण टाकत बसे. मला कुणी बांधून घातलं नव्हतं, याची आजही लाज वाटते. अनंतरावांबद्दल मनात राग नाही असं लिहू का, म्हणून लेखनिकानं विचारलं. लिहू नका, आहे.

पुढं दुसऱ्याची शेती बटईनं, अर्ध्या वाट्यावर करून चार एकर जमीन घेतली आणि घरात मीच मालक झालो. माझ्या खाकरण्यावर घर उठू-बसू लागलं, आणि मला ते लय आवडलं.

घर, अवजारं व रस्त्याकडचे दोन एकर थोरला मुलगा परमेश्वर याला. विहिरीचं पाणी दोन्ही हिश्शांना सारखं.

उरलेले दोन एकर धाकटा मुलगा कै. महारुद्र याची पत्नी भक्ती हिला. कच्च्या मसुद्यात मी घातलं होतं, 'ती याच घरात, महारुद्रच्या नावानं राहील तोवर.' तिच्या भल्यासाठीच, असं मी धरून चाललो. वाचून ती शांतपणे म्हणाली, "मामा, तुमी गेल्यावर बी मी तुमालाच विचारून वागायचं का? तसं असंल तर जमीन नको मला."

दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही. मेल्यावरही हुकूम चालवायची माझी हौस तिनं बरोबर ओळखली. मालक होणं म्हणजे मोकळं होणं, असं मी जन्मभर समजत होतो. दुसऱ्याला धरून बसलेल्या माणसालाही जागचं हलता येत नाही.

ती ओळ मी खोडायला लावली. दोन एकर भक्तीला विनाअट. विको, पेरो, दुसरं लग्न करो, परमेश्वरानं हरकत घेऊ नये.

बोरीच्या एका शिक्षकाचं स्थळ तिला आलं आहे. काल तिनं विचारलं, "मामा, बघायला जाऊ का?" मी म्हणालो, "इचारू नको, सांग."  मग ती म्हणाली, "मी रविवारी बोरीला जायलेय."

सही : सटवाजी मारोती धापसे

साक्षीदार : १. नागेश सिताराम गिराम (सही) २. सरजाबाई राम शिंपले (अंगठा)

ठिकाण : पेडगाव. दिनांक : ५ डिसेंबर २०२४, गुरुवार