ती ओळ मी लावली नाही

गिरगाव, १९५६

तीर्थरूप आईच्या पायांवर कुशाबाचं डोकं.

मी बरा आहे, वेळेवर जेवतो. पण छापखान्यातलं काम सुटलं.

बोटीने प्रथमच येणाऱ्या साहेबांसाठी इंग्रजी माहितीपुस्तक जुळवत होतो. देश उष्ण आहे, पाणी उकळून प्या, उन्हात टोपी घाला, इथवर निमूट अक्षरांचे खिळे लावले. पुढे होतं, ‘मराठी ही मुंबईतल्या नोकरांची भाषा, शिकायची गरज नाही.’

डोकंच फिरलं. इथे मुंबईसाठी पोरं लाठ्या खातायत! मालकांना म्हटलं, “ही ओळ लावणार नाही.”

“मग घरी बस!” मालक मराठीतच ओरडले. आपल्याच राजापूरचा माणूस, आई! अजून संताप होतो.

बाबांचा खोकला कसा आहे? त्यांना इतक्यात सांगू नकोस.

माझ्या जागी बसवलेला शिवाही आज तीच ओळ नाकारून बाहेर पडला. आता दोघं मिळून काम शोधतोय.

तुझा,
कुशाबा