मेहुण्याचं सोनं आणि माझं निळं पाणी

३ मार्च
आजपासून मेहुण्याचा विचार बंद. लॅबमध्ये त्याला मीच चिकटवला, बायकोने भुणभुण लावली म्हणून. आता सर येता-जाता त्याची पाठ थोपटतात. थोपटू देत. मला काडीचा फरक पडत नाही.

काम दोघांचं एकच. पांढऱ्या टायटॅनिया पावडरीवर सोन्याचे अतिसूक्ष्म कण बसवायचे, पावडर निळा रंग मिसळलेल्या पाण्यात टाकायची आणि दिव्याखाली ठेवायची. प्रकाशाने रंग तुटतो. ज्याचं पाणी लवकर स्वच्छ होईल, तो कॉन्फरन्सला बोलणार. म्हणजे मी.

५ मार्च
त्याच्या सोन्याचं द्रावण हवं तसं लालचुटुक. माझं काळपट. काचेची भांडी नीट धुतली नसतील, म्हणाला. मला शिकवतो. धुतली होती. निदान विसळली होती.

८ मार्च, जेवताना
बायको म्हणाली, माझ्या छोट्या भावाच्या हाताला यश आहे. माझ्या हाताला काय आहे, विचारलं. म्हणाली, आधी धुऊन या.

१० मार्च
दिव्याची मोठी पेटी त्याच्याआधी पकडली. म्हणाला, भाऊजी, दुसरी घ्या, हिच्या बल्बचा भरवसा नाही. म्हणजे त्याला हीच हवी होती. मी काय दूधखुळा आहे?

११ मार्च
जिंकलो. चहा पिऊन येईपर्यंत पाणी स्वच्छ. त्याला अख्खी सकाळ लागते. सरांना लगेच मेल.

मेहुणा गाळणकागद बघत बसला. पावडरच निळी झालीय, म्हणाला, एकदा दिवा बंद ठेवून बघितलंत का? म्हटलं, प्रकाशावर चालणारी वस्तू अंधारात कशाला तपासू? पोटात दुखतंय बिचाऱ्याच्या. माणसाने इतकं जळू नये.

१२ मार्च
मीटिंग. बोलायला मी जाणार, असं ठरलं. मेहुण्याने अभिनंदन केलं. मनापासून केलं, म्हणून जास्त राग आला.

१४ मार्च
टेक्निशियनने मेहुण्यासमोरच पेटी उघडली. डोळ्यांना त्रास नको म्हणून ती बंदच असते. आतला पंखा घरघरला की दिवा चालू, असं मी धरून चालतो. बल्ब केव्हाच गेलाय, म्हणाला. काच काळीठिक्कर.

म्हणजे पाणी अंधारातच स्वच्छ झालं. रंग तुटला नव्हता. पावडर तो नुसता शोषून बसली होती. सोन्याने काही केलंच नाही.

दुपारभर काचेची भांडी घासत बसलो. मेहुण्याने कुणाला सांगू नये, असं वाटत होतं. त्याने सांगितलं नाही. तेही सहन होईना.

१६ मार्च
सरांना मीच सांगितलं. कॉन्फरन्सला मेहुणा जाणार. सर त्याला म्हणाले, भाषणात एक स्लाइड अशी टाक, की अंधारात तपासलं नाही तर माणूस कसा फसतो. आकडे माझे घ्यायचे.

संध्याकाळी मेहुणा घरी येऊन हळूच म्हणाला, भाऊजी, त्या स्लाइडवरून तुमचं नाव काढून टाकू का?

राहू दे, म्हटलं. फक्त जरा मोठ्या अक्षरात टाक.