आभाळाच्या लिफ्टची कुईकुई

१० फेब्रुवारी २०२६
सुरेखा, आधी तारीख टाक. कालचं पान बिनतारखेचं सोडलंस, अन् परवा पेन अंबाड्यात खोचून घरभर शोधत बसलीस. तुझ्या सासूला अक्षर येत नाय, पण विसरायलाबी येत नाय. लिही.
तुझी तनुजा आभाळात जायची लिफ्ट करतीय. सध्या पन्नास मीटरच. कॉलेजच्या मैदानात क्रेनला पट्टा टांगणार, त्याच्यावर यंत्र आपलं आपण चढणार. २२ तारखेला स्पर्धा. जिंकली तर पुढची स्पर्धा जपानात. हरली तर खेळ खलास, कॉलेजचं शेवटचं वर्ष. मी म्हणलं, मी आहे ना. ती म्हणाली, आजी, त्याचंच भ्या वाटतंय.

१४ फेब्रुवारी, दुपार
आपल्या मुकुंदवाडीतल्याच शेजारच्या कडुबाच्या गच्चीवरून पट्टा सोडला. यंत्र पहिल्या मजल्यावर अडकलं. बॅटरी तापली. पोरगी रडकुंडीला. तिची मैत्रीण रत्नमाला म्हणे, वजन कमी करू.
दुखणं मला लगेच कळलं. चाकं कुईकुई करतात. माहेरी मोटेचं चाक असंच बोंबलायचं, एरंडेल लावलं की गप. सांगून पाहिलं. तनुजा म्हणाली, हात लावायचा नाय.
ठरलं. हात लावणार नाय.

१८ फेब्रुवारी
हात लावला नाय. नुसती जवळ बसले.

२० फेब्रुवारी
चाकांना नवं रबर. पट्टा घट्ट धरतं म्हणे. यंत्र चौथ्या मजल्यावर पोचलं! पण कुईकुई दुप्पट. एवढा कालवा घेऊन जपानात गेलं तर लोक काय म्हणतील? पोरगी तीन दिवस धड जेवली नाय. कुणीतरी काहीतरी करायलाच पाहिजे.

२२ फेब्रुवारी, सकाळी सहा
पोरी आत चहा पितात. एरंडेलाची बाटली माझ्यापाशी कशी आली, खुदा जाणे. हात लावलाच नाय. कापसाचा बोळा लावला. चारी चाकांना. आता जपान पक्कं.

२२ फेब्रुवारी, संध्याकाळ
सबंध मैदानात आमच्याइतकं शांत यंत्र कुणाचंच नव्हतं.
चाकं गरागरा फिरली, यंत्र जाग्यावर. मग हळूच खाली घसरलं. परत लावलं, परत खाली. वारा लई होता. क्रेनबी वाकडी.
तनुजानं चाकाला बोट लावलं, नाकाशी नेलं, माझ्याकडं बघितलं. चार शिव्या दिल्या असत्या तर मी सुखानं जेवले असते.

२४ फेब्रुवारी
पोरगी तिकडं छावणी भागात रत्नमालाच्या घरी जाऊन बसलीय. माझा फोन उचलत नाय.
सुरेखा, मागचं पान उलट. वारा लिहिलाय ना, तो खोड. क्रेनबी खोड.
अन् तिला डबा पाठव. धपाटे नको, तेल लागतं. ज्वारीची भाकर, तीबी कोरडी, अन् लसणाची चटणी. थापते मी, पण तू केली म्हणून सांग. तेलाचा थेंब लावू नको.