बाराव्या मुंडक्याची कवळी

सोमवार, ३
आजपासून आम्ही किल्लेदार! चाळीस वर्षं माणसांच्या कवळ्या केल्या, आता चौसष्टाव्या वर्षी राक्षसांच्या. जादूनगरी या करमणूक बागेतल्या किल्ल्याचं भोजनगृह सजवायचंय. भिंतीवर बारा तुटकी मुंडकी, कागदाच्या लगद्याची, आ वासलेली. दात तेवढे माझे. म्हणजे मी केलेले. रंगारीण भारी खट्याळ. म्हणाली, काका, या गिऱ्हाइकांची तरी तक्रार येणार नाही. फोनवर लेक म्हणाली, बाबा, आई गेल्यापासून आज पहिल्यांदा हसलात. खरं आहे.

गुरुवार, ६
अकरा झाली. बाराव्याला घाईघाईत पेटीतला जुना साचा वापरला. साच्यावर मी नाव घालत नाही, नुसता नंबर. चष्मा घरी राहिला होता, ९ चा आकडा १ वाचला. कवळी बसवली आणि पुढचा दात जरासा तिरपा दिसला. हा तर हिचा, माझ्या बायकोचा साचा. हिनेच तो तसा करून घेतला होता, कवळी खोटी वाटू नये म्हणून. काढायला हवी होती. काढवेना.

शुक्रवार, ७
पुसायला कवळी काढली, तर खाली डाव्या हिरडीवर लाल ठिपका. रंगारीण म्हणते, मी तिथे ब्रशसुद्धा लावलेला नाही. ठिपका पुसला, टोचू नये म्हणून कवळी तेवढ्या जागी घासली.
हिचंही तिथंच दुखायचं. मी म्हणायचो, नवी आहे, बसेल हळूहळू. स्वतःच्या कामाचा केवढा तोरा मला! पाच महिने ती पातळ खाऊन राहिली. डॉक्टरांनी बघितलं तेव्हा गाठ बोराएवढी झाली होती. आईनं दुखणं लपवलं, असं लेक समजते. मी तसं समजू दिलं.

शनिवार, ८
ठिपका परत. मोठा. पुन्हा घासली. गालही भरलेत, लगदा काही असा फुगत नाही. रंगारीण विचारते, काका, हा चेहरा बायकी कधी केलात? मी कुठे केला—

सोमवार, १०
उद्या खोली लोकांसाठी उघडणार. मालक चिडले, बाराव्याचं तोंड कोणी मिटवलं म्हणून. ओठ घट्ट. दुखलं की ती अशीच बसायची, मी वैतागू नये म्हणून. रडलो, सगळ्यांदेखत. लाज वाटली नाही.

मंगळवार, ११, सकाळ
लेकीला फोन करून सगळं सांगितलं. मग फोन ठेवला तिनं.

दुपार
खोलीत मी एकटा. म्हटलं, आ कर गं, बघू दे. केला तिनं. बोट आत घातलं. हिरडी ओली— ऊन— गाठ लागली हाताला. एवढी मोठी, आणि तू रोज माझ्यासमोर जेवायला—

डाव्या हातानं लिहितोय. उजव्याचं बोट दातांत. आवळतायत. बाहेर माणसं जमलीत, दार उघडलं— रंगारीण ओरडतेय, काका, हात ओढा. नाही ओढणार. पाच महिने सांगत होती बिचारी, तेव्हा एकदा जरी हात लावून बघितलं अस—