मॉडेलनं बोलायचं असतं

८ जानेवारी, बुधवार

दुकानाची सुट्टी. तेजूबरोबर कळव्याला, तिच्या ब्यूटी पार्लरच्या क्लासला. आज पहिल्यांदा आत बसलो, एरवी जिन्यापासूनच परततो. बायकांच्या जागी पुरुषानं काय म्हणून जावं. पण मॉडेल लागतं, म्हणजे ज्याच्या अंगावर शिकायचं तो माणूस. तो ज्याचा त्यानं आणायचा. हे प्रवेश घेताना कोणी सांगितलं नव्हतं. सौ.ने पहिल्याच दिवशी हात जोडले, "माझ्या तोंडाला हात लावायचा नाही." आमच्या चाळीतल्या दोघी एकेकदा आल्या, एकीच्या भुवईचं कातडं सोललं, पुन्हा दिसल्या नाहीत. उरलो मी.

बाहेर पाटीवर नटलेली नवरी. आत आठ-दहा मुली, एक बेसिन, ओल्या टॉवेलांचा ढीग. पहिला महिना तेजू स्वतःच्या मांडीवर दोरा फिरवत होती. नंतर केस झाडणं, टॉवेल पिळणं, उभं राहणं. संध्याकाळी पोरीच्या पोटऱ्या दगड होतात. तक्रार नाही. माझ्यावर गेली.

आज माझ्या भुवया केल्या.

९ जानेवारी, गुरुवार

टेंभी नाक्याला दुकानात पोहोचलो आणि गादीवरचे सगळे साड्या सोडून माझ्याकडे बघायला लागले. "माउली, भुवया कोरल्या? हिरोईन कोण?" शेठ गल्ल्यावरून, "गिऱ्हाइकानं शालू बघायचा का तुला?" हसलो मीही. माळ घालतो म्हणून माउली म्हणतात, त्यात आता हे.

काल दोऱ्यानं डोळ्यांतून धार लागली होती. तेजूनं विचारलं, "पप्पा, दुखतंय?" म्हणालो, मुंगीसुद्धा एवढं चावत नाही. तिचं तोंड एवढंसं होतं ते फुललं. तिथूनच आईला फोन लावला, "आई, माझा हात हलका आहे म्हणतात पप्पा."

१५ जानेवारी, बुधवार

तोंडाचा मसाज. मॅडम प्रत्येकीजवळ थांबून मॉडेलला विचारतात, "कसं वाटतंय?" मी म्हणालो, छान. जबड्याखाली तेजूचं नख लागत होतं. छान म्हणालो.

गावच्या शाळेत छडी खाताना ज्याच्या तोंडून शब्द फुटत नसे तो मुलगा चांगला. गुरुजी त्याच्या पाठीवर हात ठेवत. मी त्या मुलांतला. मसाज चालू असताना का कोण जाणे तेच आठवत राहिलं.

२२ जानेवारी, बुधवार

आज ब्लीच. क्रीममध्ये एक पांढरी पावडर कालवायची, त्यानं तोंडावरची लव सोनेरी होते, कातडी उजळते. मॅडमनी सांगितलं, पावडर चिमूटभर, आणि आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघायचं. पण बॅच सुटायची वेळ झालेली, पुढच्या बॅचच्या मुली दारात उभ्या. तेजूनं थेट तोंडाला लावलं.

मिरची वाटून लावावी तसं. गाल, मग हनुवटी, मग नाकाच्या कडा. डोळे मिटले आणि नाम घेत राहिलो. "पप्पा, जळतंय का?" "नाही गं. गार वाटतंय." दोनदा विचारलं, दोनदा तेच सांगितलं. पुसल्यावर मॅडम म्हणाल्या, "काका उजळले की!" मुलींनी टाळ्या वाजवल्या. तेजूनं वाटीतलं उरलेलं निरखून पाहिलं, हे माप डोक्यात ठेवलं म्हणाली.

घरी येऊन नळाखाली तोंड धरून उभा राहिलो. सौ. म्हणाली, लाल कशानं? उन्हानं.

खरं लिहायचं तर आत फार शांत वाटलं. नाम घेतलं की सोसतं, हे ऐकत आलो, आज अनुभवलं. पोरीच्या विद्येत आपली एवढी सेवा रुजू झाली असं वाटलं.

२५ जानेवारी, शनिवार

जबड्याजवळ साल निघतेय. दुकानात सांगितलं, वस्तरा लागला.

२९ जानेवारी, बुधवार

क्लासमध्ये दुसऱ्या एका मुलीनं तिच्या मावशीला आणलेलं, कळव्याचीच, दांडगी बाई. ब्लीच लावून मिनिट झालं नसेल, ती खुर्चीतून उठलीच. "पूस मेले, पूस! तोंड भाजलं माझं!" सगळा क्लास हसला. मॅडम हसल्या नाहीत. पावडर जास्त पडली होती. त्यांनी ते फेकायला लावलं, नवीन कालवून घेतलं. म्हणाल्या, "ओरडली म्हणून वाचली. मॉडेलनं बोलायचं असतं. तुमच्या बोटांना काही कळत नाही, कळतं ते तिच्या कातडीला. तिनं सांगितलं तरच तुमचा हात शिकणार."

तेजू पटकन म्हणाली, "मॅडम, माझ्या पप्पांना काही झालं नव्हतं. माझं माप बरोबर होतं."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली.

तेव्हाच बोलायला हवं होतं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

संध्याकाळी मालकीणबाई वर आल्या. कोपर गावातली ही चाळ त्यांची, आजूबाजूची जमीनही एके काळी त्यांचीच. सगळे त्यांना बाय म्हणतात. त्यांच्या निकिताची परवा हळद. पार्लरवाली आयत्या वेळी आजारी पडली. "तेजू, तू कर गो. घरची पोर असताना बाहेर कशाला जाऊ?" तेजूला आभाळ ठेंगणं. क्रीम-पावडरचा डबा घेऊन खाली पळाली. घराबाहेर, क्लासबाहेर, पहिलंच काम.

मी जिन्यात दोन पायऱ्या उतरलो होतो. थांबवायला म्हणून. मग वाटलं, नसेल झालं काही. माझीच कातडी खराब असेल, उन्हातान्हातली. परत वर आलो.

निकिता पण शहाणी मुलगी. ब्लीच लावल्यावर जळतंय म्हणाली म्हणे. तेजू म्हणाली, थोडं गार वाटेल मग, पप्पांना तसंच वाटलं होतं. माझाच शब्द. पोर सहन करत बसली.

६ फेब्रुवारी, गुरुवार

हळद. मंडप रस्त्यापर्यंत, बँजो, अख्खा पाडा जेवायला. निकिताचे दोन्ही गाल भाजल्यासारखे, कडेला बारीक फोड. डॉक्टरनी मलम दिलंय, दुसरं काही लावायचं नाही म्हणून बजावलंय. बायकांनी पायांना हळद लावली, हातांना लावली, आणि तोंडापाशी येऊन एकेकीचा हात थांबायचा. पोर डोळे मिटून पाटावर. बँजो कोणीतरी बंद करायला लावला.

बाय आमच्या दाराशी आल्या. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं. "माझे पोरीचे तोंडाला हलद कुठं लावू, सांग गो तेजू." तेजू दाराच्या चौकटीला धरून उभी. सौ. पाया पडायला वाकली, तर बाय मागे सरकल्या.

जेवायला गेलो नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी कामावर जाताना खाली गेलो. म्हणालो, बाय, चूक माझी आहे. त्या तांदूळ निवडत होत्या. "तुझी कशी? तू काय हात लावलास?" सांगायला लागलो तर म्हणाल्या, "पोरीला वाचवायला आलास. आई-बापाचं असंच असतं. जा कामावर."

१० फेब्रुवारी, सोमवार

निकिता सासरी गेली, तोंडावर पदर ओढून. डाग महिन्या-दोन महिन्यांत जातील असं डॉक्टर म्हणाले, म्हणजे सौ.ने तिसऱ्याच बाईकडून ऐकलं.

तेजू क्लासला जात नाही. डबा पलंगाखाली सरकवलाय. मॅडमचा फोन आला, महिनाअखेरीस प्रॅक्टिकल आहे, ते चुकलं तर सर्टिफिकेट नाही. तिनं ऐकून घेतलं. नंतर आईला म्हणाली, "माझा हातच वाईट आहे. शिकून येणाऱ्यातला नाही." कोपर स्टेशनजवळच्या मोबाइलच्या दुकानात मुली हव्यात, तिथे विचारून आली.

देवासमोर बसतो, नाम येत नाही. येतं, पण त्याच्याबरोबर ती जळजळ येते.

१२ फेब्रुवारी, बुधवार

दुपारी तेजू मटार सोलत होती. सांगितलं. जळलं होतं. मिरचीसारखं. साल निघाली होती. ते माप चुकीचं होतं आणि मला ठाऊक होतं. मॅडमनी बघितलं तेव्हाही ठाऊक होतं.

तिनं शेंग हातातच ठेवली. मग, "आणि भुवया?"

"दुखलं होतं."

"मसाज?"

"नख लागायचं. जबड्याखाली."

"फेशियल? घरी केलं ते?"

"डोळ्यांत क्रीम गेलं होतं."

हसली ती. असं हसताना तिला कधी पाहिलं नव्हतं. "म्हणजे मला यातलं काहीच येत नाही. मला वाटायचं येतंय."

सौ. ओट्यापाशी होती. म्हणाली, "अहो, तोंड कशाला दिलंय देवानं? नुसतं नाम घ्यायला?"

मला वाटलं होतं सांगितल्यावर तिचं ओझं उतरेल. हात वाईट नव्हता, हे तिला कळेल. झालं उलटंच. आधी एक ब्लीच चुकलं होतं. आता सगळंच गेलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

संकष्टी. उपास धरला. चार दिवस तेजू माझ्याशी कामापुरतं बोलते. चहा दिला. "साखर बरोबर आहे?" मी सवयीनं हो म्हणालो. तिनं कप उचलून स्वतः घोट घेतला, साखर घातली, परत ठेवला.

१९ फेब्रुवारी, बुधवार

कळव्याला एकटाच गेलो. मॅडमना सगळं सांगितलं. ऐकून चिडल्या, चिडायलाच हव्या. "काका, मुली बाहेर जाऊन लोकांच्या तोंडाला हात लावणार आहेत. इथे लाड नाही चालत." मग स्वतःच म्हणाल्या, घाईत त्यांनीही कोपराचं बघितलं नव्हतं. तेजूला पाठवा म्हणाल्या. परीक्षेला ब्लीचच येईल, मॉडेल तिनंच आणायचं.

घरी येऊन निरोप दिला. "कोण येणार माझ्याकडे आता," एवढंच.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

शुक्रवारी प्रॅक्टिकल. जाणार की नाही, सांगत नाही. मोबाइलच्या दुकानवाल्यालाही होय-नाही कळवलेलं नाही.

सकाळी आंघोळ करून बाहेर आलो तर खिडकीपाशी स्टूल मांडलेलं. डबा पलंगाखालून काढलेला. म्हणाली, "बसा. हात द्या." तोंडाला नाही, कोपराच्या आत, बोटभर जागेत लावलं. घड्याळ बघितलं. मग माझ्या तोंडाकडे बघत बसली.

"काय होतंय?"

"काही नाही," आलंच तोंडातून. तिनं डोळे बारीक केले. "थोडं होतंय," म्हणालो.

"थोडं काय? खाजतंय, चुरचुरतंय, की जळतंय?"

नाम चालू होतं आत, ते थांबवलं. बघितलं. काहीतरी होत होतं त्या जागी. पण ते काय, हे कसं ठरवतात? पन्नाशी आली, असं थांबून बघायची वेळ कधी आली नव्हती. होतंय म्हटलं की सोसायचं, एवढंच येतं मला. खाजतंय म्हणावं तर खोटं होईल का, जळतंय म्हणावं तर तिचं माप पुन्हा बिघडेल का.

"मला कळत नाहीये," म्हणालो. हे खरं होतं.

तेजू ओला कापूस हातात धरून बसली होती. त्यानं पुसलं नाही, कापूस खालीही ठेवला नाही.

"परत बघा," म्हणाली. "घाई नाही."